घरात ११, ताटात २

एका आईचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा ३ वर्षं ८ महिन्यांचा, आईबाबा दोघंही नोकरीला, दिवसभर आजी सांभाळते. मुलगा "काहीच खात नाही". गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.२ आलं, डॉक्टरांनी लोहाचं सिरप लिहून दिलं, वजन-उंचीचा तक्ता बघून म्हणाले की वाढ तशी ठीक चाललीये, पण खाणं सुधारा. आई लिहिते, "घरात सगळं येतं हो, भाजी, फळं, अंडी, मासे, कशाचीच कमी नाही, मग माझ्याच मुलाला रक्त कमी कसं?" पुढे विचारलंय की भाज्या कशाततरी लपवून घालू का, ती डब्यातली पावडर दुधातून देऊ का, आणि अगदी शेवटी एकच ओळ, "माझंच काही चुकतंय का?" सोबत दोन दिवस घरात कोणी काय खाल्लं ते सगळं लिहून पाठवलंय, घरच्यांचं वेगळं, मुलाचं वेगळं.

ताई, आधी त्या शेवटच्या ओळीचं बोलूया. नोकरी करून, घरी येऊन, दोन दिवस बसून कोणी किती घास खाल्ले हे लिहून काढणारी आई हलगर्जी नसते. तुमच्या यादीमुळेच मला नीट उत्तर देता येतंय, नाहीतर "मूल खात नाही" एवढ्यावर कोणी काय सांगणार.

तुमची यादी घेऊन मी मोजत बसले. घरातल्या आहारात किती विविधता आहे हे मोजायची एक पद्धत आहे, त्यात अन्नाचे १२ गट धरतात. धान्य, कंद, भाज्या, फळं, मांस, अंडी, मासे, डाळी आणि दाणे, दूध, तेल-तूप, साखर आणि शेवटी चहा-मसाले वगैरे किरकोळ. २४ तासांत घरात यातले किती गट खाल्ले गेले ते मोजायचं. तुमच्या घरात पहिल्या दिवशी भात, ब्रेड, बटाटा, पालक घातलेली डाळ, काकडी-टोमॅटो, केळी, मासे, रात्री नवऱ्यासाठी ऑम्लेट, दही, शिवाय तेल, साखर, चहा हे तर आहेच. म्हणजे मांस सोडून सगळं, १२ पैकी ११. उत्तम घर.

मग मुलाची यादी घेतली. सकाळी उठल्याउठल्या बाटलीतून दूध, मग दोन बिस्किटं, ११ वाजता परत बाटली, दुपारी दूधभात सहा-सात घास, ४ वाजता बाटली आणि बिस्किटं, संध्याकाळी ब्रेडचा तुकडा, रात्री बटाट्याच्या चार फोडी आणि झोपताना बाटली. लहान मुलांसाठी जे गट धरतात त्यात भात, बिस्कीट, ब्रेड, बटाटा हे चारही एकाच गटात येतात, धान्य आणि कंद. दुसरा गट दूध. संपलं. २. दुसऱ्या दिवशी अर्धं केळं खाल्लं म्हणून ३ झाले. (६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी ८ पैकी निदान ५ गट असा दंडक आहे, त्यातला एक गट आईच्या दुधाचा. तुमचा मुलगा त्या वयातून बाहेर पडलाय, पण घरी अंदाज घ्यायला तेच गट वापरले तरी चालतात, आईचं दूध सोडून उरलेले ७. धान्य-कंद, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गाजर-भोपळा-पालक-आंबा अशी अ जीवनसत्त्वाची फळं-भाज्या, आणि बाकीची फळं-भाज्या.)

म्हणजे घरात ११ आणि ताटात २. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. घरात काय येतं यावरून घराची ऐपत आणि आवड कळते, लेकराच्या पोटात काय गेलं ते कळत नाही. आणि त्या ११ मध्ये तेल, साखर, चहा-मसाले असे तीन गट तर असे आहेत की ज्यांनी लोह-जीवनसत्त्वांत फारशी भर पडत नाही, आकडा मात्र फुगतो. फ्रीज भरलेला दिसला की आपल्या मनाला बरं वाटतं आणि मग कोणाच्या ताटात काय पोचलं हे बघायचं राहून जातं, हे खूप घरांत होतं, शिकलेल्या आणि नीट कमावत्या घरांत सुद्धा.

तुमच्याकडे हे असं का झालं असेल? मला दोन जागा दिसतात.

पहिली म्हणजे दूध. बाटली २०० मिलीची आहे असं तुम्हीच लिहिलंय, चार बाटल्या म्हणजे ८०० मिली, आणि दूधभातातलं वेगळंच. गाईच्या ८०० मिली दुधात साधारण ५०० कॅलरी जातात, या वयाच्या मुलाला दिवसाला १२०० च्या आसपास लागतात, म्हणजे चाळीस टक्के पोट दुधानेच भरलं. आता त्याला भूक लागणार कधी? तो "खात नाही" असं नाहीये ताई, तो पितोय. आणि दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत, सगळं चांगलं आहे पण लोह जवळजवळ नाहीच, ८०० मिलीत अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं, आणि या वयात रोज ७ ते १० मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवं. वरून दुधातलं कॅल्शियम त्याच वेळी पोटात गेलेलं लोह नीट शोषू देत नाही. तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन १०.२ आहे (या वयात ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, १० ते १०.९ म्हणजे सौम्य), त्यात ही बाटली मला सगळ्यात आधी दिसते. या वयाला दिवसभराचं दूध ४०० ते ५०० मिली पुष्कळ झालं, त्यातलं थोडं दह्यातून गेलं तरी उत्तमच.

दुसरी जागा म्हणजे तिखट. तुमच्या यादीत पालक-डाळीपुढे कंसात लिहिलंय, "तिखट असते म्हणून त्याला देत नाही". माशापुढे, "काटे". ऑम्लेटपुढे, "त्यात मिरची". म्हणजे घरातली जी जी लोह देणारी, प्रथिनं देणारी गोष्ट आहे ती मोठ्यांच्या चवीने शिजते आणि लेकरापर्यंत पोचायच्या आधीच वाट अडते. मग त्याच्यासाठी उरतं काय तर पांढरं पांढरं, दूध, भात, ब्रेड, बटाटा. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, हे रोजच्या घाईत आपोआप होतं. उपाय सोपा आहे, वेगळा स्वयंपाक करायचाच नाही. डाळ शिजली की मिरची-मसाला घालायच्या आधी एक वाटी त्याची बाजूला काढायची. अंडं फेटलं की मिरची पडायच्या आधी दोन चमचे तव्याच्या कडेला त्याचं वेगळं ओतायचं. माशाचा मधला जाड तुकडा घेऊन दिव्याखाली स्वतःच्या बोटांनी चाचपून काटे काढायचे, डोळ्यांना न दिसणारा काटा बोटांना लागतो. भांडं एकच, फक्त त्याचा वाटा आधी निघाला पाहिजे.

आता दूध कमी कसं करायचं. एकदम बंद करू नका, घरात रडारड होईल आणि तिसऱ्या दिवशी सगळे हार मानतील. पहिल्यांदा ११ ची बाटली काढा, कारण तीच दुपारच्या जेवणाची भूक मारते. तिच्या जागी थोडं फळ आणि पाणी. चार दिवसांनी ४ ची बाटली काढून त्या वेळी खायला द्या. उरलेलं दूध बाटलीतून नाही, कपातून. कपातून मुलं आपोआप कमी पितात, आणि झोपताना तोंडात बाटली ठेवल्याने दात किडतात ते वेगळंच. पहिले दोन-तीन दिवस तो चिडेल, कमी खाईल, मग एक दिवस दुपारी खरी भूक लागेल, आणि खरी भूक लागलेलं मूल कसं जेवतं हे तुम्ही बहुतेक बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाहीये.

भुकेवरून आणखी एक गोष्ट. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, म्हणून ते सारखं मागतं. दोन वर्षांनंतर वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं, उंची सहा-सात सेंटिमीटर. वाढ मंदावली की भूकही मंदावते आणि घरातले सगळे घाबरतात की आधी कसा मस्त खायचा आणि आता काय झालं. काही झालेलं नसतं. त्यात २ ते ६ या वयात बहुतेक मुलं नव्या पदार्थाला घाबरतात, काल आवडीने खाल्लेला मटार आज थुंकतात. हा हट्ट नसतो, वाढीचाच एक टप्पा असतो, आणि यावर चिडून काही मिळत नाही. मिळतं ते परत परत समोर ठेवण्याने. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावं लागतं तेव्हा मूल तो पदार्थ आपला म्हणतं, आणि बहुतेक आईवडील तीन-चार वेळांनंतर "याला आवडतच नाही" म्हणून सोडून देतात.

माझ्या भाचीचं सांगते. तिला गाजर चालायचं नाही, बघूनच मान फिरवायची. बहिणीने उकडलेल्या गाजराचा नखाएवढा तुकडा रोज ताटात ठेवायचा, काही बोलायचं नाही, असं चालू केलं. पहिले काही दिवस तो तुकडा जसाच्या तसा परत. मग एके दिवशी ताट उचलताना दिसलं की तुकडा ओला आहे. चाटलाय. दोन दिवसांनी त्यावर पुढच्या दोन दातांची खूण. बहीण तो तुकडा तळहातावर घेऊन मला दाखवायला आली होती, काहीतरी मिळाल्यासारखी. गिळला तो त्यानंतर आठवड्याभराने, आणि आता ती गाजर मागून खाते. त्या ओल्या तुकड्याला बघणारं कोणीतरी घरात असावं लागतं, नाहीतर "परत टाकलं" म्हणून तो कचऱ्यात जातो आणि प्रगती झालीये हे कळतच नाही.

म्हणून तुमच्यासाठी एवढंच, एका जेवणात ओळखीच्या दोन गोष्टी आणि अनोळखी एक, अगदी एवढीशी. खाल्ली तर ठीक, नाही खाल्ली तरी ठीक, शाबासकी नको आणि रागावणंही नको. "भाजी संपव मग चॉकलेट देते" हे तर अजिबात नको, त्याने मुलाच्या डोक्यात एवढंच बसतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. मोबाईल दाखवून भरवणंही थांबवा, हे जड जाणार माहितीये, पण स्क्रीनकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरलं की नाही ते कळत नाही आणि तोंडात काय गेलं तेही कळत नाही, म्हणजे त्या पदार्थाशी ओळख झालीच नाही. वीस-पंचवीस मिनिटं जेवण, मग ताट उचला, पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी, मध्ये फक्त पाणी. तीन जेवणं आणि दोन मधली खाणी. पोट लहान असतं, त्यामुळे एका वेळी थोडंच जातं, म्हणून मधलं खाणंही खरं अन्न असलं पाहिजे. बिस्कीट नाही. उकडलेलं अंडं, दही आणि फळ, उकडून कुस्करलेले चणे, दाण्याचं कूट घातलेलं काहीतरी. अख्खे दाणे मात्र नकोत, घशात अडकतात, पाच वर्षांपर्यंत कूटच द्या, आणि द्राक्षं उभी चिरून.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी एक वाटणी सांगितलीये जी मला फार पटते. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने. आपल्याकडून बरेचदा उलटं होतं, काय खायचं हे मुलाला विचारतो ("काय देऊ रे, बिस्कीट देऊ?") आणि किती खायचं हे आपण ठरवतो, एक घास आईचा, एक घास बाबांचा करत.

यावर कोणी म्हणेल की मुलावर सोडलं तर ते भलतंच खाईल. तर क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाईंनी अमेरिकेत १९२६ पासून पुढे काही वर्षं एक प्रयोग केला होता, १५ लहान बाळं, ३४ साधे पदार्थ, समोर ताट ठेवायचं आणि नर्सने चमचा धरून गप्प बसायचं, बाळाने ज्याकडे हात नेला तेवढंच द्यायचं. बाळांनी कधी नुसती फळंच खाल्ली, कधी अंड्यांवर अंडी खाल्ली, एकेक जेवण बघितलं तर विचित्र, पण सगळं मिळून छान वाढली. लोक या प्रयोगातून एवढंच उचलतात की मुलाला सगळं कळतं. पण त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, बिस्कीट नव्हतं, डब्यातलं काही नव्हतं, धान्य, फळं, भाज्या, अंडी, मासे, मांस, दूध एवढंच होतं, आणि खरी मेख त्या यादीत आहे हे डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितलंय. निवड बाळाची होती, यादी मोठ्यांची. म्हणून तुम्हीही एका ताटावरून जीव टांगणीला लावू नका, आठवड्याचा हिशोब करा. सोमवारी नुसती डाळ प्यायला, मंगळवारी नुसतं अंडं खाल्लं, चालेल की.

लोहाबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण सिरप चालू आहे. सिरप डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच आणि तितके महिने द्या, हिमोग्लोबिन वाढलं म्हणून मध्येच बंद करू नका, रक्तानंतर शरीराचा साठाही भरायचा असतो. दुधाबरोबर देऊ नका. शी काळी होईल, घाबरू नका. आणि सिरपची बाटली उंच कपाटात, त्याच्या हाताला लागणार नाही अशी, कारण लोहाचं औषध गोड लागलं म्हणून लहान मुलाने जास्त प्यायलं तर जिवावर बेतू शकतं. हे आजींनाही सांगून ठेवा. जेवणात मांस-मासे असतील तर त्यातलं लोह सहज शोषलं जातं, डाळी-पालेभाज्यांतलं कमी शोषलं जातं पण त्यावर लिंबू पिळलं किंवा सोबत संत्रं-पेरू-टोमॅटो दिलं तर बरंच जास्त मिळतं. कडधान्यं भिजवून, मोड आणून दिलीत तर अजून बरं. चहा त्याला देत असाल तर बंद, तुमच्या यादीत दुसऱ्या दिवशी "आजोबांच्या बशीतून दोन घोट" दिसला मला, चहा लोह अडवतो. गाजर-भोपळा-पालक शिजवताना थोडं तेल किंवा तूप पडू द्या, अ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतं.

भाज्या लपवायच्या का? घाला, पराठ्यात, डाळीत, हरकत काहीच नाही, पोटात गेलेलं वाया जात नाही. पण नुसतं लपवूनच दिलं तर त्याची पालकाशी ओळख कधी होणार, म्हणून लपवलेली पण द्या आणि दिसणारी पण ठेवा. आणि पावडरचं माझं मत विचाराल तर नको. डब्याच्या मागे साखर किती ते वाचा, आणि ती दुधातूनच जाणार म्हणजे आपण ज्या दुधाला कमी करतोय तेच परत वाढणार. जीवनसत्त्वाचं काही लागलंच तर ते डॉक्टर सांगतील.

नवरा भाजी खात नाही असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, मी मात्र तिथे थांबले. मूल बघून खातं. बाबा ताटातली पालेभाजी कडेला सारतात हे त्याला रोज दिसतंय आणि मग आई त्याला तीच खा म्हणते. बाबांना सांगा की निदान त्याच्या समोर दोन घास खा, उपदेश नको, तोंड वाकडं न करता खाल्लं तरी पुष्कळ. रात्रीचं एक जेवण तरी सगळे एकत्र बसा.

आणि आजी. हे हलक्या हाताने करावं लागेल. त्या दिवसभर एकट्या या वयात सांभाळतायत, मूल उपाशी राहू नये म्हणून बाटली देतात, त्यात माया आहे. "तुमच्यामुळे रक्त कमी झालं" असं चुकूनही कोणाच्या तोंडून निघू देऊ नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या, दुधाचं त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आणि घरी काम सोपं करून ठेवा, ११ वाजता द्यायचं फळ चिरून डब्यात, दुपारची त्याची डाळ वाटीत काढून. हाताशी असेल तेच दिलं जातं, बिस्किटाचा डबा हाताशी आहे म्हणून बिस्कीट जातं.

एवढं सगळं करूनही काही गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका. वजन वाढायचं थांबलं किंवा कमी झालं, गिळताना ठसका लागतो, घट्ट काही घेतलं की ओकारी काढतो, खाण्यातले पदार्थ वाढायच्या ऐवजी एकेक करून गळत चाललेत, माती-खडू-बर्फ खातोय, तर सरळ डॉक्टरांकडे. आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी वजन-उंची त्या तक्त्यावर मांडून घ्या, शेजारच्या मुलाशी तुलना नको, त्याची स्वतःची रेघ कुठे चाललीये तेवढंच बघायचं.

आज ११ ची बाटली काढली असं धरा. साधारण पाच आठवड्यांनी, परत एकदा असेच दोन दिवस लिहून काढा, घरच्यांचं वेगळं आणि त्याचं वेगळं, आणि मला पाठवा. मी परत मोजते. त्याच्या यादीत ४ झाले असले तरी मला कळवा, ओला झालेला तुकडासुद्धा लिहा.